श्वासाला श्रेणी देऊ नका

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत शाळांचा अभ्यासक्रम ठरवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षण शिकवते. यंदा २२ वर्षं होतील. मुलं मला ‘पीटीच्या बाई’ म्हणतात आणि तेच नाव मला आवडतं. शाळेत योग आणि ध्यान आणावं, त्याने मुलांवरचा ताण हलका होईल, असं आता सगळीकडून ऐकू येतं. माझंही मत तेच आहे. पण ज्या रीतीने आपण ते आणतो, त्या रीतीने ते मुलांपर्यंत पोचत नाही. हे मी रोज बघते, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती. गणित भाग दोनचा पेपर. अर्धा तास झाला असेल, एक मुलगी वर्गातून उठून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी राहिली. मला हाक आली तोवर ती पायरीवर बसली होती. छाती भराभर वरखाली होत होती, ओठांभोवती मुंग्या येत होत्या, हाताची बोटं आखडून आत वळली होती. “बाई, श्वास पुरत नाहीये,” एवढंच म्हणत होती. भोवती गर्दी. कुणी म्हणालं फीट आली, कांदा आणा. कुणी म्हणालं उपाशीपोटी आली असणार. तिला दमा नाही हे मला ठाऊक होतं, सहावीपासून तिला मैदानावर पळताना बघत आले होते. मी तिच्या शेजारी बसले, तिचाच हात तिच्या पोटावर ठेवला आणि म्हटलं, घ्यायचं विसर, फक्त सावकाश सोड, मी मोजते. सुरुवातीला तीनपर्यंतही टिकेना. मग चार झाले, पाच झाले, सहा झाले. दहा-बारा मिनिटांनी बोटं सुटली. तोंड धुऊन ती परत आत गेली आणि उरलेला पेपर तिने लिहिला.

संध्याकाळी तिची आई आली. घरी असं आधी दोनदा झालं होतं म्हणाली. एकदा तिने दृष्ट काढली, एकदा दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणलं. आईला जे ठाऊक होतं ते तिने जीव लावून केलं होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ती मुलगी पाच वर्षं माझ्या तासाला होती. ‘आरोग्य’ हा शब्द माझ्या विषयाच्या नावातच आहे. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आखडतात, यात मरण्यासारखं काही नाही, श्वास लांब सोडला की ते उतरतं, एवढी गोष्ट पाच वर्षांत मी तिला सांगितली नव्हती.

ती एकटी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २०२२ मध्ये देशभरातल्या जवळजवळ ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते असं सांगितलं. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले. हा आकडा मी शिक्षकखोलीत वाचून दाखवला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. प्रत्येक मुलामागे वेगळं दुःख असणार, घरचं, पैशाचं, नात्याचं, आजाराचं. त्या सगळ्यावर योग हा उपाय आहे असं मी कधी म्हणणार नाही. पण रोज शाळेत येणाऱ्या मुलाला स्वतःच्या शरीरात काय चाललंय ते ओळखता यावं आणि थोडं सावरता यावं, हे शिकवणं शाळेचं काम आहे. त्यासाठी योगाइतकं बिनखर्चाचं साधन दुसरं नाही.

आणि ते साधन आपल्याला बाहेरून आणावं लागत नाही. औंध माझ्या गावापासून एसटीने तासाभरावर. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते नेमाने सुरू केले. १९३७ साली योगगुरू बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले ते योग शिकवायला. लहानपणी क्षयाने खंगलेला तो तरुण, इथल्या विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता स्वतः घडला. आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था उभारली. मला सर्वांत जास्त भावतं ते त्यांचं काम. त्यांनी आसनांचं नुसतं गुणगान केलं नाही. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या, घुसळण्याच्या क्रिया करताना पोटाच्या आत दाब किती होतो ते उपकरणाने मोजलं, क्ष-किरण छायाचित्रं काढली, आणि जे आढळलं ते ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकात छापलं. शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच राज्यात. ज्यांनी हे काम उभं केलं त्यांनी ते रोज केलं आणि तपासून केलं. या दोन गोष्टी शाळेपर्यंत येता येता आपल्या हातून निसटल्या आहेत.

शाळेत योग नेमका कधी येतो बघा. २१ जूनला. त्या वेळी आमच्याकडे शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला असतो, पावसाने मैदानात चिखल असतो, पाचवीच्या मुलांना अजून स्वच्छतागृह कुठे आहे ते सापडत नसतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, तिथे त्या तारखेला सुट्टीच असते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोकळ्या आठवड्यात योग होतो, आणि जानेवारी ते मार्च, जेव्हा मुलांच्या पोटात खड्डा पडलेला असतो, तेव्हा तो कुठेच नसतो. योग दिन साजरा व्हावा, मलाही त्या दिवशी मुलांना ओळीत उभं करायला आवडतं. पण तो दिवस झाला की वर गेलेल्या अहवालात योग झाला असं धरलं जातं.

वर्षभराचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत माझे तास ठीक चालतात. दिवाळीनंतर दहावीचा पीटीचा तास गणिताला जातो, मग विज्ञानाला. यात कुणाचा दुष्टावा नाही. पोर्शन संपवायचा असतो, शाळेचा निकाल घसरला तर मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो, आणि आमचा विषय श्रेणीचा, टक्केवारीत धरला न जाणारा. मी स्वतः कितीदा तरी ‘घ्या तुम्ही’ म्हणून तास दिला आहे. ज्या महिन्यांत मुलांना शरीर हलवण्याची, श्वास मोकळा करण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत आम्ही ते काढून घेतो.

ध्यानाचंही तसंच. आपल्याच विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सोबतीने ‘मित्र उपक्रम’ सुरू केला होता. मुलांनी शाळेत रोज काही मिनिटं आनापान करावं, म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा नुसता बघत बसावं, अशी ती योजना. आमच्या शाळेतल्या एका सरांनी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. ते परिपाठानंतर घ्यायचे, आणि ती दोन वर्षं खरंच चांगली गेली. सकाळचा पहिला तास शांत सुरू व्हायचा, हे भाषेच्या बाईसुद्धा कबूल करायच्या. सर निवृत्त झाले आणि ते थांबलं. कुणी बंद केलं नाही, चालवणारं कुणी उरलं नाही. उपक्रम एका माणसाच्या आवडीवर उभा होता, तो माणूस गेला.

आता एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगायची आहे, कारण योगाच्या बाजूने बोलणारे आम्ही ती टाळतो. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर ध्यानाच्या शिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्यांच्या शाळेतल्याच शिक्षकांनी सजगतेचे धडे दिले. ज्यांना दिले आणि ज्यांना नेहमीचंच शिक्षण दिलं, त्यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, कित्येकांना ते कंटाळवाणं वाटलं. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग लक्षात आलं की यात आपल्याला खूप शिकण्यासारखं आहे. सगळ्यांना एकदम, वरून ठरवून, ‘डोळे मिटा आणि शांत व्हा’ सांगितलं की मूल शांत होतंच असं नाही. त्याला ते स्वतःच्या अंगावर जाणवावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास असावा लागतो.

त्या पूर्वपरीक्षेनंतर मी माझ्या तासात काय बदललं ते सांगते. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. मॅट नाहीत, सभागृह नाही, सतरंज्या आहेत पण त्या झटकून घालण्यातच दहा मिनिटं जातात. म्हणून मी बाकावरच सुरू केलं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ बाकापासून सुटी, हात मांडीवर. दप्तराने आणि वाकून लिहिण्याने मान-खांदे दगड झालेले असतात, आधी ते सोडवायचे. मग तीन आकडे श्वास घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. मग भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. पहिला आठवडा सगळे हसले, मी हसू दिलं. तिसऱ्या आठवड्यात वर्ग मधाच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. त्यानंतर बाकी तास मैदानावर, कारण मुलांना पळायचंही असतं आणि पळणं हाही ताणावरचा उपायच आहे.

सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर नाडी मोजण्याचा. मनगटावर बोटं ठेवायची, एक मिनिट ठोके मोजून वहीत लिहायचे, श्वास करून पुन्हा मोजायचे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप जातो. हे फळ्यावर लिहून सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. पण स्वतःचा ९६चा आकडा ८४वर आलेला बघून मागच्या बाकावरची मुलं शेजाऱ्याचं मनगट धरून मोजायला लागली. लोणावळ्याच्या त्या प्रयोगशाळेचा एक कवडसा आमच्या नववी ‘ब’च्या वर्गात पडला, असं मला त्या दिवशी वाटलं.

चुकाही झाल्या. मी मुलामुलींना एकत्र शवासन घ्यायला लावलं. मुली आडव्या झाल्या खऱ्या, पण प्रत्येकीचा हात ओढणीवर नाहीतर स्कर्टच्या कडेवर. विश्रांती कसली, त्यांचा जीव मुठीत होता. दुसऱ्या दिवसापासून बाकावर हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकवायचं, एवढंच ठेवलं. आठवीतला एक मुलगा डोळे मिटायला सांगितलं की बेचैन व्हायचा. मला वाटलं दंगा करतोय. नंतर एकटा असताना म्हणाला, डोळे मिटले की रात्रीचं घरातलं भांडण दिसतं. तेव्हापासून डोळे मिटणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. तो खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे बघत बसतो आणि त्याचं छान चालतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तो मुलगा माझ्याशी बोलला नसता तर मी त्याला रोज सहा मिनिटं त्रास देत राहिले असते.

एका मुस्लिम विद्यार्थिनीची आई भेटायला आली. “बाई, यात काही म्हणावं लागतं का?” मी म्हटलं, काही नाही, तुम्हीच बसून बघा. त्या मागच्या बाकावर बसल्या, मुलांबरोबर सगळं केलं आणि जाताना म्हणाल्या, मला बीपीसाठी डॉक्टरांनी हेच सांगितलंय. त्यांची शंका रास्त होती आणि ती विचारण्याचा त्यांना हक्क होता. राज्यघटनेचं २८वं कलम अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणावरही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करू देत नाही. म्हणून अभ्यासक्रम लिहिताना प्रार्थना, मंत्र, जयघोष यांच्याशी हा तास बांधू नका. ज्यांच्या घरी ओंकार आहे त्यांनी घरी जरूर म्हणावा. शाळेतल्या श्वासावर प्रत्येक मुलाचा हक्क सारखाच राहिला पाहिजे.

आता मागणं.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं, आमचा तास आम्हाला परत द्या. नवा विषय नको, नवं पुस्तक नको, वेळापत्रकात आधीच असलेला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास डिसेंबर ते मार्चमध्ये दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा आणि दहावीलाही तो लागू करा. त्या तासातली सहा-सात मिनिटं पुरेशी आहेत. बाकीच्या दिवशी परिपाठात तेवढीच काढता येतील.

दुसरं, याचे गुण देऊ नका. श्रेणीही देऊ नका. आपल्याकडे एखादी गोष्ट महत्त्वाची ठरली की तिची परीक्षा घेतली जाते, आणि त्यामागची कळकळ मी समजू शकते. पण परीक्षेच्या धसक्याने जिचा श्वास अडकतो, तिला आपण श्वास घेण्यावर ‘क’ देणार का? ज्याचं अंग वळत नाही त्या जाड मुलाला वर्गासमोर पश्चिमोत्तानासन करायला लावून श्रेणी देणार का? शाळेत त्यांना नापास करणाऱ्या गोष्टी पुरेशा आहेत. आठवड्यातल्या एका तासात तरी कुणी कुणाच्या पुढे-मागे नसावं. फोटो काढून अपलोड करण्याचीही सक्ती करू नका. समोर मोबाइल धरला की डोळे मिटलेलं मूलसुद्धा ताठ होऊन बसतं.

प्रशिक्षणाबद्दल माझा आग्रह आहे. एका दिवसाच्या ऑनलाइन सत्राने हे येत नाही. प्रत्येक शाळेतल्या किमान दोघांना, एकाला नव्हे, निवासी प्रशिक्षण द्या, म्हणजे एक निवृत्त झाला तरी काम थांबणार नाही. राज्यात लोणावळा आहे, पुणे आहे, इगतपुरी आहे. या संस्थांकडे पिढ्यांचा अनुभव आहे. त्या प्रशिक्षणात काय करायचं याइतकंच काय करायचं नाही तेही शिकवा. टीव्हीवर बघून मुलांकडून जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिका करून घेणारे शिक्षक मी पाहिलेत. आकडी येणाऱ्या, दम्याच्या, हर्नियाच्या मुलाला त्याने अपाय होऊ शकतो. श्वास कोंडून धरायला लावणं लहान मुलांसाठी नकोच. पाळीच्या दिवसांत मुलीला कारण न विचारता बसू द्यावं, हेसुद्धा पुरुष शिक्षकांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि शेवटचं, जे लिहिताना मला जरा भीती वाटते. योग शिकवला म्हणजे बाकीचं करायला नको, असं होऊ देऊ नका. माझ्या दहावीतल्या कित्येक मुलांचा दिवस पहाटे साडेपाचच्या क्लासने सुरू होतो आणि रात्री अकराला संपतो. झोप सहा तासांची. त्याला मी श्वास शिकवीन, पण त्याला आधी झोप हवी आहे. पहिली ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं आपण २०२४ मध्ये मुलांच्या झोपेसाठीच ठरवलंत. तोच विचार मोठ्या मुलांसाठीही करा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिक्षकांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मिळावं, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. आमच्यासारख्या गावातल्या शाळेत समुपदेशक कोण, याचं उत्तर आज ‘पीटीच्या बाई’ असं आहे. मी ऐकून घेते, जवळ बसते, पण मी त्यासाठी शिकलेली नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि पुसला गेला की पुन्हा लिहिते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर तो छापणं आपल्या हातात आहे. ताण पेलायला शिकवणं आणि ताण कमी करणं ही दोन्ही कामं मोठ्यांची आहेत. त्यातलं पहिलंच केलं तर मुलांना वाटेल, त्रास होतोय हा दोष माझाच, मी नीट ध्यान करत नाही म्हणून.

ती पूर्वपरीक्षेतली मुलगी आता बारावीला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. मध्ये एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, बाई, धाकट्या भावाला शिकवलंय, तो पेपर हातात पडला की आधी मोजतो. मी तिला विचारलं, आणि तू? म्हणाली, मला आता मोजावं लागत नाही, कळतं.

साहेब, आपण फेब्रुवारीत कधीतरी आमच्या शाळेसारख्या एखाद्या शाळेत या. बोर्डाची परीक्षा तोंडावर असते तेव्हा. आधी कळवू नका, कळवलंत तर तो दिवस स्वागताच्या तयारीत जाईल. कार्यालयात न थांबता वेळापत्रकात पीटीचा तास कुठे आहे तो बघा आणि थेट त्या वर्गात जा. तास चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, मनगटावर बोटं ठेवून मुलांबरोबर ठोके मोजा. तिथे गणित चालू असेल तर शिकवणाऱ्यांना काही बोलू नका, मुंबईला परत जाऊन तो आदेश काढा.

आपली विश्वासू,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका,
सातारा जिल्हा